अनुपान

मध कधी तापवायचा नाही. तापवला की तो विषासारखा वागतो, असं आम्हाला कॉलेजात पहिल्या वर्षी शिकवलं होतं.

खिडकीच्या चौकटीत राखेची एक रेघ. कुणीतरी बोटाने ओढलेली.

साप. बेडूक. हंस.

"दिवस हाय तवर जेवून घ्या, वैद्यबाई. नंतर आमच्यात चूल पेटत न्हाई."

बस्तीत माईक होता. अण्णा वाचायला बसले की त्याचं तोंड भिंतीकडे वळवून ठेवायचे.

नाडी बघताना अंगठा वापरत नाहीत. अंगठ्याला स्वतःचेच ठोके असतात. समोरच्याचे कुठले आणि आपले कुठले, ते कळेनासं होतं.

*

अण्णा चौगुले उंबऱ्यातच थांबले. चपला काढल्या, भिंतीला हात टेकला आणि माझ्याकडे बघत राहिले. बोलायचं होतं, पण बोलणं छातीत कुठेतरी अडकलं होतं, आणि ते वर येईपर्यंत वाट बघायची त्यांना सवय झालेली दिसत होती. मागून त्यांच्या बायको आल्या, सोनाक्का. ठेंगण्या, गोऱ्या, डोक्यावरच्या पदराचं टोक दातात धरलेलं.

"बसवा की त्यास्नी," त्या मला म्हणाल्या, जणू खुर्ची मीच लपवून ठेवली होती.

आता या गोष्टीला पंचवीसेक वर्षं झाली. मी चिपळूणची. पुण्यात वैद्यकीची पदवी घेतली आणि शिरोळ तालुक्यातल्या या नदीकाठच्या गावात येऊन बसले, कारण इथले जुने वैद्य मुलाकडे हुबळीला निघून गेले होते. त्यांची खोली मिळाली, कपाट मिळालं, दगडी खल मिळाला. रोगी तेवढे मिळाले नव्हते. गावात निम्मी घरं जैनांची, त्यांत चौगुले मोठे. ऊस, स्वतःचं गुऱ्हाळ. चौगुल्यांचे अण्णा बरे झाले तर गाव माझ्याकडे येणार होतं, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

बोलणं एकदाचं वर आलं.

"वैद्यबाई, मला भादव्यात दहा दिवस वाचायचंय."

"काय वाचायचंय?"

मग त्यांनी थांबत थांबत सांगितलं. भाद्रपदात दशलक्षण पर्व असतं. बस्तीत, म्हणजे त्यांच्या देवळात, रोज एका धर्मावर ग्रंथ वाचायचा, अर्थ सांगायचा. आधी त्यांचे वडील वाचायचे, मग ते. यंदा श्वास पुरत नव्हता. ओळ संपायच्या आत तो संपत होता.

"आणि नाही जमलं तर?"

"आदगोंडा मास्तर हैत की टपून," सोनाक्का म्हणाल्या. "नवीन उपरणं आणून ठेवलंय त्यांनी."

"उपरणं चांगलंय त्यांचं," अण्णा म्हणाले.

मी त्यांचा हात घेतला. मनगटावर तीन बोटं ठेवली. पहिल्या बोटाखाली वात असतो, तो सापासारखा वळवळत जातो. मधल्या बोटाखाली पित्त, ते बेडकासारखं उड्या मारतं. तिसऱ्याखाली कफ. तो हंसासारखा, जड, सावकाश, झुलत. अण्णांच्या मनगटात हंस होता. इतका ठळक हंस मी कॉलेजच्या दवाखान्यातही पाहिला नव्हता. मला आनंद झाला. रोग्याची नाडी हाताशी असताना आनंद होणं बरं नव्हे, पण झाला.

"कफ साठलाय," मी म्हटलं. "त्याने वाताची वाट अडवली आहे. म्हणून दम लागतो. कफ वाईट नसतो, अण्णा. तिघांपैकी कुणीच वाईट नसतं. ज्याने त्याने आपापल्या मापात राहायचं, एवढंच."

अण्णा विचार करत होते. "म्हणजे गुऱ्हाळातल्या काहिलीसारखं. जाळ जादा झाला की रस करपतो. कमी पडला की बसतो. वारं सुटलं की जाळ एकाच अंगाला."

"अगदी तसंच."

"मग जाळ बघणारा गुळव्या चांगला पायजे."

"गुळव्या मी."

"बघू," अण्णा म्हणाले, आणि पहिल्यांदा हसले. हसण्याने खोकला आला.

मी चूर्ण दिलं. त्यात पिंपळी होती, दालचिनी होती, बाकीही काही. आणि मधाची बाटली दिली. "सकाळी एकदा, दिवस मावळायच्या आधी एकदा. मधात कालवून चाटायचं."

सोनाक्कांच्या दातातला पदर सुटला. "मधात व्हय?"

"मधातच. नुसतं औषध देऊन चालत नाही. ते कशाबरोबर घ्यायचं, त्याला आम्ही अनुपान म्हणतो. ते चुकलं तर औषधही चुकतं. मध औषधाला आत घेऊन जातो आणि कफ खरवडून काढतो."

मी हे जरा मोठ्या आवाजात सांगितलं. तेव्हा मी सगळंच जरा मोठ्या आवाजात सांगायचे.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जाताना, चपला घालता घालता, अण्णांनी हलक्या आवाजात काहीतरी विचारलं. मी नाही म्हटलं. ते गेले.

*

पुढच्या खेपेला हंस जास्तच जड झाला होता. जिभेवर पांढरा थर. छातीत घरघर.

"औषध घेताय ना?"

"घेतोय की."

"मधात?"

"बाटलीतलंच देते," सोनाक्का म्हणाल्या.

मी चूर्णाचं प्रमाण वाढवलं. दही बंद, दुपारची झोप बंद, अंघोळीला कडकडीत पाणी.

त्यानंतरच्या खेपेला त्यांना सून घेऊन आली. त्रिशला. बी.एस्सी. झालेली, बोलण्यात घाईची, कडेवर लहान मुलगी, पिंकी. मी मनगटावर बोटं ठेवली आणि पुन्हा उचलून ठेवली. हंस नव्हता. मधल्या बोटाखाली बेडूक उड्या मारत होता.

"घशाला कोरड पडते?"

"पडते."

"आग?"

"थोडी."

"पण दम कमी आहे," त्रिशला घाईने म्हणाली. "कमी आहे ना, अण्णा? काल माडीवर जाऊन आले. औषध बदलू नका बाई. आहे तेच राहू द्या."

मी बदललं नाही. बेडूक कुठून आला ते कळेना, पण दम कमी होता हे खरं. काही दिवसांनी सोनाक्कांबरोबर आले तर पुन्हा हंस. मग मधेच एकदा साप. कफाचा रोगी इतक्या भराभर घर बदलत नाही. कफ आळशी असतो. येतो सावकाश, जातो सावकाश. इथे तर मनगटात जत्रा भरली होती.

त्या दिवसांत मी दिसेल त्याची नाडी बघत होते. दूधवालीची, पोस्टमनची, शेजारच्या मगदूमकाकूंची. "काय झालंय ओ मला?" काकूंनी घाबरून विचारलं. काही झालं नव्हतं. मला माझी बोटं तपासायची होती. शेवटी स्वतःची नाडी बघितली. तिथे काय होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

नाक्यावरच्या बूथवरून पुण्याला सरांना फोन लावला. "सर, एका माणसाची नाडी दर खेपेला वेगळी लागते. माझी बोटं चुकतायत."

"माणूस तोच येतोय ना?" सर हसले. मग म्हणाले, "औषध कोण देतं घरात?"

"बायको."

"मग तिला विचार. घेणाऱ्याला कितीही विचारलंस तरी तो घेतो म्हणूनच सांगणार."

*

दुपारची वेळ. सोनाक्का स्वयंपाकघरात तूर निवडत बसल्या होत्या. पर्व तोंडावर आलं होतं, घर धुऊन काढलं होतं, ओल्या फरशीवरून मी जपून गेले.

"बाटली बघू, सोनाक्का."

"कंची?"

"मधाची."

त्या उठल्या नाहीत. मीच फळीवरून काढली. माझीच बाटली, माझ्याच अक्षरातली चिठ्ठी. बूच काढून बोटाला लावून चाखलं. ऊस होता. गुऱ्हाळाचा धूरही होता त्यात.

"ही काकवी आहे."

"आमच्याच गुऱ्हाळाची," सोनाक्का म्हणाल्या. मग सुपावरचा हात थांबला. "मध आमच्यात न्हाई शिवत, वैद्यबाई. त्यात किती जीव मरत्यात. दारू, मटण आणि मध, आमच्यात एकाच ओळीत बसवलंय ते. ह्यांनी जन्मात तोंडाला लावला न्हाई."

"मग मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"तुमी नव्या. एवढं ठासून सांगितलंत, मधातच म्हणून. म्हटलं, पोरीचा शब्द कशाला खाली पाडायचा."

"तर मी दुसरं काही दिलं असतं!"

"ते मला काय ठावं? तुमीच म्हटला, ते चुकलं तर औषध चुकतं." त्यांनी पदर डोळ्यांना लावला, पण डोळे कोरडे होते, नुसता लावला. "आणि ह्यांना मध पोटात गेलेला कळलं असतं, तर हे बस्तीत वाचायच्या गादीवर बसले नसते. नेम मोडला की तिथं बसायचं न्हाई, असं ह्यांचं. कुणी म्हणंना का, औषधाला चालतंय. हे बसले नसते. म्हणून मी मध दूधवालीला देऊन टाकला आणि काकवी भरली. रंग तोच. गोड ते गोड."

"काकवीने कफ वाढतो, सोनाक्का."

"आँ?"

"नवा गूळ, काकवी, त्याने कफ वाढतो. दम वाढतो."

सुपातली तूर त्यांनी एकदा या बाजूला सारली, एकदा त्या. "म्हंजे मीच वाढवला म्हणता?"

मी बाटलीला बूच लावलं. मग त्याच म्हणाल्या, "पण मग बरं कसं वाटालंय त्यांना? माडीवर गेले की. आवाज सुटालाय. परवा गड्याला हाक मारली तर गड्याच्या आधी म्हैस उठली."

ते मलाही कळत नव्हतं.

"त्रिशलाला सांगू नगा हां," त्या म्हणाल्या. "ती शिकलेली हाय. आडाणी म्हणंल मला."

*

परसात, धुण्याच्या दगडाजवळ, त्रिशला माझी वाटच बघत होती.

"आत्यांनी काकवीचं सांगितलं ना?"

"तुला माहीत आहे?"

"पहिल्याच दिवशी कळलं. वास येतो की." तिने आत बघितलं, मागे बघितलं. "म्हणून संध्याकाळचं औषध मी देते. जयसिंगपुरातनं मध आणलाय. कपाटात पिंकीच्या फ्रॉकांखाली ठेवलाय. चूर्ण कालवूनच नेते, वाटीत. त्यांना कळत नाही."

मी धुण्याच्या दगडावर बसले. तो ओला होता.

"त्रिशला, अण्णांचा नेम तुला माहीत आहे."

"माहीत आहे. माहेरी मीसुद्धा तेच शिकले. पण बाई, मध दिला हे कळलं तर ते गादीवर बसणार नाहीत, आणि नाही दिला तर त्यांना बसताच येणार नाही. सांगा तुम्ही, काय करायचं होतं मी?"

तिने खरोखर उत्तरासाठी थांबून पाहिलं.

"फरक पडलाय ना?" ती म्हणाली. "तुम्हीच नाडी बघता. पडलाय ना?"

"पडलाय."

"मग झालं. पाप लागलं तर मला लागेल. मी काढीन उपास. आत्यांना तेवढं सांगू नका. त्यांना वाटेल मी त्यांचा धर्म बुडवला."

म्हणजे सकाळी एक बाई कफ भरत होती, दिवस मावळायच्या आत दुसरी तो खरवडत होती, आणि मधे बसून मी नाडी बघत होते. हंस, बेडूक, साप. माझी बोटं खोटी नव्हती. मला हायसं वाटलं, पण तेवढ्यापुरतंच. ज्या मधाने अण्णांचा आवाज परत येत होता, त्याच मधाने त्यांची गादी जाणार होती. आणि तो मध लिहून दिला होता मी.

सांगितलं तर ते वाचणार नाहीत. नाही सांगितलं तर ते वाचतील, पण ज्या माणसाने वाचायला बसावं असं त्यांना वाटतं, तो माणूस ते नसतील. आणि हे त्यांना माहीत नसेल, मला माहीत असेल.

मी सांगायचं ठरवलं. निदान अण्णांच्या खोलीच्या दारापर्यंत तरी ते ठरलेलं होतं.

*

अण्णा खिडकीशी बसले होते. मांडीवर ग्रंथ, कापडात गुंडाळलेला. खिडकीच्या चौकटीत राखेची ती रेघ. बाहेर भिंतीवरून मुंग्यांची रांग वर येत होती आणि राखेपाशी येऊन वळत होती.

"या, वैद्यबाई. लय वेळ झाला येऊन. आत बोलणं ऐकू आलं."

"काय ऐकलंत?"

"बोलणं ऐकू आलं. शब्द न्हाई आले."

मी हात पुढे केला. त्यांनी मनगट दिलं नाही.

"अण्णा, मला तुम्हाला एक सांगायचंय."

"सांगायचंय का विचारायचंय?"

"सांगायचंय."

"मग नको."

"पण तुम्हाला कळायला हवं—"

"या रोगात तोंडाची चव जाते म्हणतात."

"जाते," मी म्हटलं. "कफ फार झाला की जाते."

"माझी गेली न्हाई."

ते बाहेर बघत होते. हा माणूस मला काय सांगतो आहे? सकाळची काकवी आणि संध्याकाळचा मध त्याला वेगवेगळा कळतो? मग तो चाटतो कसा? आणि कळत असेल तर गादीवर कसा बसणार? की नुसतंच सांगतोय, जेवण गोड लागतं म्हणून?

"पर्व परवापासनं," अण्णा म्हणाले. "दहा दिवस औषध बंद. एक वेळ जेवायचं, उकळलेलं पाणी."

"अण्णा, असं एकदम बंद करू नका. दम लागेल."

"लागला तर थांबंन."

"थांबलात तर आदगोंडा मास्तर—"

"उपरणं चांगलंय त्यांचं," अण्णा म्हणाले, आणि आता मनगट पुढे केलं. मी बोटं ठेवली. काहीच कळलं नाही. मी अंगठा इतका घट्ट दाबून धरला होता की ठोके लागत होते ते माझेच असावेत.

*

पहिल्या दिवशी मी बस्तीत बायकांच्या बाजूला, खांबाआड बसले. जैन नव्हते, पण कुणी उठवलं नाही. अण्णा गादीवर बसले. माईक भिंतीकडे वळवला. समोर आदगोंडा मास्तर, उंच, ताठ, खांद्यावर खरोखरच देखणं उपरणं.

आवाज आला. बारीक होता, पण सरळ होता. पहिला दिवस क्षमेचा, दुसरा नम्रपणाचा. दोन्ही दिवस ओळ संपेपर्यंत श्वास पुरला. श्वास त्यांनी घ्यायचा आणि मी सोडायचा, असं चाललं होतं. सोनाक्का माझ्या एका बाजूला, त्रिशला दुसऱ्या. दोघी माझ्याकडे बघायच्या, एकमेकींकडे नाही.

तिसरा दिवस आर्जवाचा. ग्रंथात त्याचा अर्थ सरळपणा. मनात एक, तोंडात एक, हातात एक असं नसणं. अण्णांनी मूळ ओळ वाचली. मग अर्थ सांगायला लागले, "जो मनात आणील तेच बोलेल, आणि जे बोलेल तेच..."

थांबले.

सगळे थांबले. बाहेर कुठेतरी पंप चालू होता, तो ऐकू यायला लागला. अण्णांची छाती हलताना दिसत नव्हती. त्रिशलाने माझं मनगट धरलं, घट्ट, नाडी बघितल्यासारखं. "संध्याकाळचं बंद झालं म्हणून," ती कुजबुजली. दुसऱ्या कानाशी सोनाक्का, "माझ्या काकवीनं केलं हे." मी दोघींच्या मधे, आणि सोनाक्कांना मधाचं माहीत नाही, मला दोघींचं माहीत, आणि माझं काय ते मलाच माहीत नाही.

मास्तरांनी उपरणं सावरलं. अर्धे उठले.

अण्णांनी डोळे मिटले होते. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढे केला, त्यांनी हाताने नको म्हटलं. कितीतरी वेळ गेला. मग त्यांनी डोळे उघडले, आमच्या बाजूला पाहिलं, आणि जिथे सोडलं होतं तोच शब्द पुन्हा घेतला.

"...तेच करील."

मास्तर बसले.

त्यानंतर अनंत चतुर्दशीपर्यंत ते एकदाही थांबले नाहीत. औषध नाही, मध नाही, काकवी नाही. दिवसातून एकदा जेवण. शेवटच्या दिवशी तर त्यांनी माईक वळवलाही नाही. गुरवाने चालू करू का विचारलं तेव्हा म्हणाले, "कशाला? म्हशीस्नी बी ऐकू जातंय."

शास्त्राप्रमाणे हे बरं होणं कुठल्या खात्यात टाकायचं, मला ठरवता येईना.

*

पर्व संपलं की क्षमावाणी असते. वर्षभरात ज्याचं त्याचं जे चुकलं असेल त्याची माफी मागायची. लहानांनी मोठ्यांची, मोठ्यांनी लहानांचीही. काय चुकलं ते सांगावं लागत नाही. हात जोडायचे आणि "उत्तम क्षमा" म्हणायचं.

मला जेवायला बोलावलं होतं. दिवस असताना, अर्थात.

बाहेरच्या खोलीत त्रिशला सोनाक्कांच्या पाया पडली. "उत्तम क्षमा, आत्या."

"तूबी मला क्षमा कर बाई," सोनाक्का म्हणाल्या. दोघी एकाच वेळी रडायला लागल्या आणि दोघींना दुसरी का रडते ते कळेना. मला कळत होतं, आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर बघत होते.

मग दोघी अण्णांपुढे आल्या. हात जोडले. अण्णांनीही जोडले. मग ते उठून माझ्यापुढे उभे राहिले. मी एकदम मागे सरले.

"अण्णा, तुम्ही नको."

"का? वैद्याला क्षमा करता येत न्हाई?" त्यांनी हात जोडलेलेच ठेवले. "उत्तम क्षमा, वैद्यबाई. तुमच्या शब्दाबाहेर वागलो."

"मी पण," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

"आणि आता एक राहिलं," अण्णा म्हणाले. ते खिडकीशी गेले. आम्ही तिघी बघत होतो. बाहेर वाकून, भिंतीवरच्या रांगेपुढे त्यांनी हात जोडले. "यांची."

"मुंग्यांची?" सोनाक्का म्हणाल्या. "त्यांचं काय केलं तुमी?"

"बुडवल्या. दोन-चार. पहिल्या दिवशी मला सुचलं न्हाई. वाटीतलं खिडकीबाहेर टाकलं आणि सकाळी बघतो तर त्यात अडकून मेलेल्या. मग मी राख ओढायला लागलो, आणि टाकायचं ते लांब, झाडाच्या आळ्यात, पाणी ओतून."

त्रिशलाच्या कडेवरची पिंकी खाली उतरली, तरी त्रिशलाचा हात कडेवरच राहिला.

"रोज?" तिने विचारलं.

"संध्याकाळचं रोज. जिभेला कळतं की गं. गोड लागून मागनं घसा धरतं ते. लहानपणी शेतावर गड्यानं चाटवला होता एकदा, आई लय रडली होती." मग त्यांनी सोनाक्कांकडे पाहिलं. "तुझं सकाळचं बी. गुऱ्हाळात जन्म गेला, काकवीनं छाती भरती एवढं मला ठावं हाय. पण तुझं दोनदा-तीनदा खाल्लं. टाकवंना."

सोनाक्कांनी त्रिशलाकडे पाहिलं. त्रिशलाने सोनाक्कांकडे. मध आणि काकवी एकमेकांना अशी भेटली.

"तू मध दिलास ह्यांना?"

"तुम्ही काकवी भरली होतीत."

"सांगायचंत की ओ!" सोनाक्का अण्णांवर उलटल्या. "आमी दोघी जिवाला खाऊन घेतोय हितं!"

"कुणाला सांगू? तुला सांगितलं असतं तर तुला हिचं कळलं असतं. हिला सांगितलं असतं तर हिला तुझं." ते खाटेवर बसले. "ते दहा दिवस सोपे गेले. वाटी नव्हती, टाकायचं नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी माझा दम गेला न्हवता, वैद्यबाई. दम होता. पुढचा शब्द तोंडात येईना. रोज वाटी चाटल्यासारखं करून टाकणारा मी, आणि सांगत काय बसलो होतो."

"मग परत सुरू कसं केलंत?" मी विचारलं.

"ठरवलं, हितनं पुढं टाकायचं न्हाई. वाटी आली तर परत द्यायची आणि का ते सांगायचं. ठरलं तसा शब्द आला." त्यांनी दोघींकडे पाहिलं. "सांगायला क्षमावाणी बरी, म्हटलं. त्या दिवशी कुणाला रागावता येत न्हाई."

सोनाक्कांना रागावायचंच होतं. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथून भांड्यांचे आवाज आले. मागोमाग त्रिशला गेली. थोड्या वेळाने आतून हसणं ऐकू आलं. कोण हसतंय ते कळलं नाही, कदाचित दोघी.

"पण मग," मी म्हटलं. माझ्या डोक्यात हंस आणि बेडूक आणि साप एकमेकांच्या अंगावरून पळत होते. "पण मग तुम्ही औषध घेतलंतच कशात? तुमची नाडी बदलत होती, अण्णा. मी स्वतः बघितलंय."

"चूर्ण फळीवरच असतंय की," म्हणत त्यांनी मनगट पुढे केलं. "आता बघा. काय हाय?"

मी बोटं ठेवली. या वेळी अंगठा आठवणीने दूर ठेवला. तिन्ही बोटांखाली काहीतरी चाललं होतं, एकसारखं, कुणी पुढे नाही, कुणी मागे नाही. मी त्याला नाव द्यायचा प्रयत्न केला. आतून सोनाक्का ओरडल्या, "दिवस हाय तवर जेवून घ्या, वैद्यबाई. नंतर आमच्यात चूल पेटत न्हाई." आणि मी हात सोडला.

पहिल्या दिवशी, दवाखान्याच्या उंबऱ्यात चपला घालता घालता, अण्णांनी मला विचारलं होतं, "कोरडंच घेतलं पाण्याबरोबर, तर चालंल काय?"